निळ्या रेषांचं घर

"आकार बरोबर आहे मॅडम, पण हे आहे कुठं?" नारायणगावच्या कॉम्प्युटर ड्रॉइंगच्या क्लासमधले सर माझं पहिलं स्केच बघून म्हणाले होते. वीस वर्षं होऊन गेली... वाक्य काही जात नाही.

गोष्ट साधी होती. स्क्रीनवर एक ठरलेला बिंदू असतो, ओरिजिन. रेषांना सगळी मापं दिली, पण एकही टोक त्या बिंदूशी बांधलं नाही, तर त्या निळ्याच राहतात आणि माऊसनं ओढल्या की सरकतात. बांधलं की काळ्या होतात... मग हलत नाहीत.

मी शिकले. आळेफाट्याला एका वर्कशॉपमध्ये शेतीच्या अवजारांची ड्रॉइंग्ज करू लागले. एकदा दादांनी, माझ्या वडिलांनी, विचारलं, "आपलं घर काढता येईल का गं त्यात?"

आपलं घर म्हणजे आंबेगावच्या डोंगरातलं, धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. आम्ही राजुरीकडे नव्या जमिनीवर आलो, टोमॅटो करू लागलो, तेव्हा मी शाळेत होते, आणि आई त्याआधीच, त्या घरात असतानाच गेली होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की दादा तिकडे जात, पण गाळात सगळी जोती सारखीच दिसत. "तुझ्या आईच्या चुलीपाशी घटकाभर बसायचं व्हतं," एवढंच म्हणत.

दादांनी मापं हातांत सांगितली, मी ती फुटांत केली. पडवी, माजघर, चूल, गोठा... भिंतींची टोकं नेमकी जुळली. प्रिंट दिली तर दादा तिच्यावरून बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "झ्याक झालंय. पर तिथं गेल्याव मोजायचं कुठनं?"

मला सर आठवले.

धाकट्या काकांची आणि आमची मधली भिंत एकच होती. तिच्या कोपऱ्यात एक मोठा काळा दगड होता, खोल रोवलेला. तो सापडला असता तर ड्रॉइंगवरून चुलीची जागा मोजून काढता आली असती.

काका आमच्याबरोबर खाली आलेच नाहीत. पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातच राहिले, भात-नाचणी करत. दर उन्हाळ्यात ते त्याच गाळावरून गुरं नेत, त्यामुळे दगड फक्त त्यांनाच ठाऊक. आणि दोघा भावांचं बोलणं बंद होतं.

मी गेले. काकांनी ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं.

"टमाट्याच्या रानात गावंना व्हय कोपरा?"

"पोर उन्हातनं आलीय, नीट बोला की," काकू म्हणाल्या.

"नीटच बोलतोय. ज्यानं गाव सोडलं त्यानं दगड इचारू नये."

घरी येऊन दादांना जसंच्या तसं सांगितलं. ते थोडं हसले. "त्याचं बी खरं हाय," म्हणाले, आणि कागद घडी करून उशाखाली ठेवला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा दादा नव्हते.

कॉम्प्युटर बदलले, फाइल मात्र दरवेळी सोबत आणली. कधी तरी उघडते आणि एक रेष धरून ओढते... सगळं घर सरकत जातं. चूल, पडवी, दादांनी सांगितलेला हात न हात.

कुठलंही टोक ओरिजिनला बांधणं एका क्लिकचं काम आहे. रेषा लगेच काळ्या होतील, सॉफ्टवेअरची काही तक्रार राहणार नाही. पण ते घर तिथं नव्हतं... म्हणून बांधत नाही.

आता काकाही थकलेत. त्यांच्यामागं तो दगड ओळखणारं कुणी उरणार नाही, आणि मग हे घर कायमचं असंच निळं राहील. हल्ली रोज हेच मनात येतं.

काका, हे लिहिलेलं तुमची सून तुम्हाला वाचून दाखवेल. तुम्ही नाहीच म्हणणार, मला माहीत आहे. तरी यंदा पाणी उतरलं की मी येते... माझ्याशी बोलू नका, घरातही घेऊ नका. नुसती त्या दगडावर एकदा काठी टेकवा.