चार रविवारांची एकच शाई

माझी लेक थायलंडात इंग्रजी शिकवते, या गोष्टीवर पहिले तीन महिने माझा काडीचा विश्वास नव्हता. लोकांना मी सांगत होतो. ताडकळसच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात रोज सकाळी चहा पिता पिता छाती फुगवून सांगत होतो. पण घरी आलो की मनात किडा वळवळायचा.

त्याला कारणही होतं. एम.ए., बी.एड. झालेली पोरगी शिक्षक भरतीची वाट बघून बघून थकली आणि एक दिवस म्हणाली, ऑनलाइन मुलाखत झाली, पुढच्या महिन्यात जायचंय. ना ओळख ना पाळख. तीन माणसांनी मोबाइलवर वीस मिनिटं इंग्रजीत गप्पा मारल्या आणि नोकरी दिली. मी चौतीस वर्षं मास्तरकी केली, मला एवढ्या सहज कुणी बसायला खुर्ची दिली नाही. त्यात पेपरात सारखं येत होतं, नोकरीच्या नावाखाली पोरांना तिकडं न्यायचं, पासपोर्ट काढून घ्यायचा आणि कोंडून ठेवून कॉम्प्युटरवर लोकांना फसवायच्या कामाला लावायचं. तसल्या बातमीचं एक कात्रण मी खिशात घेऊन फिरत होतो. बायकोनं शर्ट धुवायला घेतला तेव्हा तिला ते सापडलं. वाचून म्हणाली, "तुमाला भरल्या ताटात बी आधी खडाच दिसतो." आणि शर्ट कात्रणासकट भिजत घातला.

लेकीचा फोन शाळेच्या दिवशी साडेदहाला यायचा. तिकडं तेव्हा बारा वाजलेले असतात. ती मोबाइल फिरवून शाळा दाखवायची. वर्गाबाहेर पोरांचे बूट एका रेषेत लावलेले. फळा लखलखीत. पोरं हात जोडून, मान लववून नमस्कार करायची आणि एका सुरात गुड मॉर्निंग म्हणायची, भर दुपारी. बायको बघून हरखून जायची. मी मात्र मोबाइल जवळ घेऊन निरखायचो. कारण एवढी शिस्त मी शाळेत वर्षातून एकदाच बघितलेली, तपासणीच्या दिवशी.

आता या वयात खोटं कशाला बोलू? आमची दोन शिक्षकांची शाळा, एका लहान खेड्यात. सुगीत निम्मी पोरं आईबापाबरोबर रानात. साहेब येणार असं कळलं की पट भरून दाखवायला शेजारच्या गावातून पोरं उसनी आणायची, आणि त्यांच्याकडं साहेब आले की आपली धाडायची. हे सगळ्यांनाच माहीत होतं, बहुतेक साहेबांनाही. एकदा शेजारगावच्या माझ्या मित्राला तीन मुली कमी पडत होत्या. लेक तेव्हा तिसरीत, माझ्याच शाळेत. तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना मी मोटारसायकलवर बसवलं आणि वाटेत तिघींकडून त्यांची नवी नावं पाठ करून घेतली. साहेबांनी हजेरी घेतली. त्या दुसऱ्याच पोरीच्या नावाला आमच्या लेकीनं खणखणीत 'हजर' म्हटलं, वर कविता म्हणून दाखवली. साहेब खूश. येताना मी तिघींना गरम भजी खाऊ घातली. ही गोष्ट मी घरात किती तरी वेळा कौतुकानं सांगितली असेल.

तर असल्या माणसाला सजवलेली शाळा ओळखू येणार नाही होय? मी वहीत टिपून ठेवू लागलो. सोमवारी पोरं पांढऱ्या शर्टात, बुधवारी खेळाच्या रंगीत कपड्यांत, गुरुवारी खाकी स्काउटात. एका शाळेला तीन गणवेश? आमच्याकडं एक मिळायला दिवाळी उजाडायची. लेकीला विचारलं तर म्हणाली, इथं वारानुसार असतंय पप्पा. उत्तर तयारच होतं. मला तयार उत्तराचाच जास्त संशय येतो.

शेवटी मी साहेबांचीच युक्ती काढली. मुरलेला साहेब पुढच्या बाकावरच्या पोराला कधीच विचारत नाही, तिथं पढवलेली पोरं बसवलेली असतात. मी लेकीला म्हणालो, त्या पार मागच्या, खिडकीपाशी बसलेल्या पोराच्या हातात मोबाइल दे. ती जरा थांबली, पण तिनं दिला. गोल तोंडाचं, नाकाला शेंबूड असलेलं पोर. मी माझ्या इंग्रजीत विचारलं, तुमच्या टीचर कशा आहेत, काय करतात? त्यानं छताकडं बघितलं, नाक पुसलं आणि म्हणालं, "टीचर ईट चिली. टीचर लंच, वन पीपल."

वर्ग हसला. लेकही हसली, जरा उशिरा. मी मात्र मांडीवर थाप मारली. पढवलेलं पोर असं चुकत नाही! खरी शाळा होती, खरा वर्ग होता आणि आमची लेक खरोखर तिथं शिकवत होती. ते पोर काय म्हणालं याकडं माझं लक्षच गेलं नाही. ते चुकलं, याचाच मला आनंद झाला होता. त्या दिवशी मी वही मिटून ठेवली आणि बायकोनं सांगायच्या आत स्वतः जाऊन बाजारातून अर्धा किलो पेढे आणले.

त्यानंतर माझी गाडी सुसाट सुटली. शनिवार-रविवारी तिला सुट्टी. त्या दोन दिवशी फोन यायचा नाही, कारण बाईसाहेब फिरायला गेलेल्या असायच्या. मला मात्र दर सोमवारी फोनवर पहिला प्रश्न तोच सुचायचा, रविवारी कुठं गेलतीस? पुढं ती विचारायची वेळच येऊ देईना. रविवारी संध्याकाळी फोटो यायचा आणि खाली चार ओळी. एका रविवारी धबधबा. दुसऱ्या रविवारी नदीत लांबलचक नाव आणि त्यात ही उभी. तिसऱ्या रविवारी डोंगर, धुकं आणि माकडानं चष्मा पळवल्याची हकिगत. चौथ्या रविवारी झाडीतून वर आलेली बुद्धांची पांढरी मूर्ती, तीन मजली उंच, आणि पायथ्याशी आमची लेक हात जोडून.

तो फोटो बायकोनं विहारात सगळ्या बायांना दाखवला. मी हॉटेलात दाखवला. सोमवारी मी पाय ठेवला की हॉटेलवाला विचारायचा, गुरुजी, ह्या रविवारी कुठं गेलती पोरगी? मी सांगायचो आणि पदरचं थोडं घालायचो. माझ्या तोंडी ती नाव तीनदा कलंडली. माकडाची तर मी टोळी केली. ज्यांनी कधी परभणीच्या पुढं पाऊल टाकलेलं नव्हतं ते लोक थायलंडातल्या धबधब्यांची चौकशी करू लागले. मला लय भारी वाटायचं, उगाच कशाला लपवू.

बायको म्हणाली, बुद्धांचा फोटो मोठा करून भिंतीला लावू. मी म्हणालो, चारही लावू. मी एसटीनं परभणीला गेलो आणि एका फोटो स्टुडिओत चारही फोटो दिले. त्या पोरानं ते कॉम्प्युटरवर घेतले आणि पडद्यावर शेजारी शेजारी मांडले. मोबाइलवर मी ते एकेक करून, आठवड्याच्या अंतरानं बघितलेले. एकत्र पहिल्यांदाच बघत होतो.

लेकीच्या डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. धबधब्यापाशी होती, नावेत होती, डोंगरावर होती, मूर्तीपाशी जोडलेल्या हातातही होती. चारही फोटोंत पट्टीचं तेच एक टोक उचकटलेलं, त्याला तोच काळा मळ. कपडे मात्र चार वेगळे. निळा, पिवळा, पांढरा, मरून.

मी काही महिने मुख्याध्यापकाचा चार्ज सांभाळला होता. तेव्हा एक तरुण शिक्षक आठवड्याची हजेरी शनिवारी एकदाच मांडायचा. मी त्याला पहिल्याच महिन्यात पकडलं. सोमवार ते शनिवार एकच शाई, हाताचा एकच दाब, कुठं खाडाखोड नाही. रोजची हजेरी अशी नसते. एखाद्या दिवशी रिफिल संपते, एखाद्या दिवशी हाताला घाम असतो, एखाद्या दिवशी मन थाऱ्यावर नसतं. माझ्यासमोर पडद्यावर चार रविवार होते आणि चारींची शाई एकच होती.

स्टुडिओतल्या पोराला म्हणालो, राहू द्या, पुन्हा येतो. परतीच्या बसमध्ये मी तेच घोळवत होतो. पिशवीत चार कपडे घालून कुणी फिरायला जात नाही. हे कुणी तरी तिच्याकडून करवून घेत असणार. धुऊन गेलेलं ते कात्रण मला शब्दन्शब्द आठवू लागलं. बायकोला सांगितलं, स्टुडिओत लाईट नव्हती.

पुढचा रविवार उजाडला. बायको सकाळीच विहारात वंदनेला गेली. साहेब लोक कधी कधी न कळवता येतात, तसा मी दहा वाजता लेकीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट. मग तिचाच साधा फोन आला. म्हणाली, पप्पा, मी धबधब्यावर आलेय, इथं नीट ऐकू येईना.

मला तर सगळं नीट ऐकू येत होतं. पंख्याची टकटक ऐकू येत होती. मी हळू आवाजात विचारलं, "तुझ्याजवळ कोन हाय? कोन असंल तर नुसतं हो म्हन."

"कोनीच न्हाई, पप्पा."

"मंग कॅमेरा लाव."

मग कॅमेरा लागला. पडदे ओढलेली खोली. खाली गादी. उशाशी ताटली, तिच्यात वाळलेला भात. विंचरायचे राहिलेले केस आणि सुजलेले डोळे. मी म्हणालो, खोली फिरवून दाखव, बाथरूम दाखव, दाराची कडी दाखव. तिनं सगळं मुकाट दाखवलं. कडी आतून लावलेली होती. खरंच कुणी नव्हतं.

जीव भांड्यात पडला आणि लगेच डोकं फिरलं. मी तिच्यावर ओरडलो. चार चार कपडे बदलून फोटो काढलेस, बापाला येड्यात काढलंस, गावात माझी काय इज्जत ऱ्हाईल, असं नाही नाही ते बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं. चौथ्या महिन्यात शाळेच्या गाडीनं सगळ्या शिक्षकांना एकदा फिरायला नेलं होतं. धबधबा, नाव, डोंगर, मूर्ती, सगळं एकाच दिवसात; मला दाखवायला हिनं पिशवीत चार कपडे नेले होते. तेवढंच. बाकीच्या शिक्षिका सुट्टीला आपापल्या घरी जातात. हिला त्यांची भाषा येत नाही आणि त्यांना हिची. शुक्रवारी शाळा सुटली की सोमवारपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघत नाही. शाळेतही दुपारी एकटीच जेवते.

तेव्हा मला ते मागच्या बाकावरचं पोर आठवलं. त्यानं बिचाऱ्यानं केव्हाच सांगितलं होतं.

"मंग तसं सांगायचं की," मी म्हणालो. "खोटं कशाला?"

"तुमी दर सोमवारी इचारायचे, कुठं गेलतीस. खोलीत हुते म्हनले असते तर तुमी परत बोलावलं असतं. मला नौकरी सोडायची न्हाई, पप्पा. सोमवारी पोरं दारात वाट बघत उभी असतेत, तवा मी लय बरी असते." मग म्हणाली, "अन् साहेब यायच्या दिवशी सगळं भरलेलं दिसलं पायजे, हे तुमीच शिकवलं न्हवं का?"

मी मोबाइल गुडघ्यावर टेकवला.

"त्या दिवशी मी त्या दुसऱ्या शाळेत हजर म्हनले. तवा आपल्या शाळेत माझ्या नावापुढं काय मांडलं हुतं तुमी?"

मी हजर मांडलं होतं. माझ्या वर्गातली पोरगी मी गैरहजर कशाला मांडू? दोन गावांत ती एकाच वेळी हजर होती, आणि वीस वर्षं मी ही गोष्ट कौतुकानं सांगत होतो.

तिनं तोंडावर ओढणी घेतली. तिच्या आडून म्हणाली, "आज मला गैरहजर मांडा, पप्पा."

ये परत, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. एकदा म्हणालो असतो तर ती आली असती, एवढी मला तिची खात्री होती. आली असती आणि पुन्हा त्या भरतीची वाट बघत इथं ओसरीवर बसली असती, आणि तिकडं दारात पोरं उभी राहिली असती. मी शब्द गिळले. म्हणालो, "मांडलं, बाळा."

बायको विहारातून आली तेव्हा मी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून त्याच्यासमोर बसलो होतो. मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्यावर रागावली नाही, लेकीवरही नाही. तिनं मेथीची जुडी आणली आणि मोबाइलसमोर निवडायला बसली. लेकीनं उठून तोंड धुतलं, ताटली घासली, नवीन भात लावला. दुपारी ती मोबाइल चालू ठेवूनच झोपली आणि आम्ही दोघं तिचा पंखा ऐकत बसलो.

सोमवारी सकाळी हॉटेलात गेलो. हॉटेलवाल्यानं चहाचा कप पुढं केला आणि नेहमीसारखं विचारलं, गुरुजी, ह्या रविवारी कुठं गेलती पोरगी? बाकावरचे चौघं कान देऊन बसले.

"कुठं बी न्हाई," मी म्हणालो. "दिवसभर खोलीतच हुती, एकटी. मंग आमी बसलो तिच्यासंगं."