वकिलाची गाडी पास झाली

रिकामा ट्रेलर गोदामाच्या डॉकला लागला की त्यात आधी जायचे ते नाकोबा. हातात बॅटरी, पायात जाड बूट, डोक्यावर टोपी. फळी न् फळी बघायचे, कोपऱ्यांतून बोट फिरवायचे आणि मग बाहेरच्या माणसाला सांगायचे, “लाव दारं.” दारं लागत. आत मिट्ट काळोख. पत्र्याला कुठं भोक असलं तर तिथून उजेडाची सुई आत शिरे. भोक शोधणं हे एक काम झालं. दुसरं काम नाकाचं. डोळ्यांना सुट्टी मिळाली की नाक जागं होतं, असं त्यांचं म्हणणं.

दार उघडून ते बाहेर आले की खालचे ड्रायव्हर पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांसारखे माना वर करून बघत. नाकोबांना घाई नसे. ते टोपी काढत, झटकत, पुन्हा घालत आणि मगच तोंड उघडत.

“मागल्या खेपेला साबण. त्याच्या आधी कांदा. नापास.”

काय तो काळ होता! ड्रायव्हर हात जोडत, हसत, मनातल्या मनात शिव्याही घालत; पण खोटं ठरवायची कुणाची छाती नव्हती. नापास ट्रेलरच्या नशिबी धुलाईची रांग, आणि हातातला माल दुसऱ्याच्या गाडीत. त्याला इलाज नव्हता. गोदामातून जायची तान्ह्या मुलांची दुधाची पावडर. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याची गत तिची. शेजार कांद्याचा असला की तिला कांद्याचा गुण लागलाच म्हणून समजा.

ड्रायव्हरांमध्ये एकाला सगळे वकील म्हणत. त्यानं कोर्ट बाहेरूनही पाहिलं नव्हतं, पण गाडी नापास झाली की तो असा काही उभा राही की काळा कोट तेवढा कमी.

“नाकोबा, वास गाडीचा कशावरून? वारा तुमच्या गोदामाकडून येतोय.”

“दारं बंद होती.”

“बरं, कांदा होता. पण गोड जातीचा होता!”

“मग गोड शब्दात सांगतो. नापास.”

निकाल लागला की दोघं एकाच टपरीवर चहा प्यायचे. रंगमंचावर तलवारी उपसणारे दोघं विंगेत एकाच विडीचे झुरके घेतात ना, तसलं ते वैर.

त्या हिवाळ्यात नाकोबांना ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. सर्दी असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग एकदा बायको बहिणीशी फोनवर बोलत बसली आणि चुलीवरचं दूध पार करपलं. घरभर धूर. शेजारीण खिडकीतून ओरडली, तरी नाकोबा बाजूच्या खोलीत पेपर वाचत होते.

“अहो, तुम्ही आहात कुठं?”

“पेपरात.”

बायकोनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. शेजारच्यांच्या घरी काय शिजतंय ते हा माणूस जिन्यातून सांगायचा. तिनं उरलेल्या करपट दुधाचाच चहा केला आणि कप पुढे ठेवला.

“वा, छान झालाय,” नाकोबा म्हणाले.

तिनं स्वतःचा कप खाली ठेवला. “डॉकवर सांगितलंत?”

“येईल गं परत चार दिवसांत.”

“यायला तो काय रुसून माहेरी गेलाय?”

डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही. आणि इथंच नाकोबांचं चुकलं. त्यांनी सांगितलं नाही. नाव नाकोबा, मान नाकाचा. नाकच काढून घेतलं तर मागे उरतं कोण? ते रोज काळोखात उभे राहत, छाती भरून श्वास घेत आणि हाती काहीच लागत नसे. बाहेर येऊन टोपी झटकत. तेवढ्यात ते ड्रायव्हरांचे चेहरे वाचत. ज्याच्या गाडीत खोट असते तो आपल्या बुटांकडे बघतो, हे त्यांना ठाऊक होतं. माश्या कुठल्या कोपऱ्यात बसल्यात तेही बघत. तरी मन खात असलं की सरळ नापास. एका बिचाऱ्याच्या गाडीत त्यांनी रॉकेलचा वास काढला. तो आईची शपथ घेऊन सांगत होता की आजवर कोऱ्या कागदाशिवाय यात काही भरलं नाही. तो धुलाईच्या रांगेत जाऊन उभा राहिला आणि नाकोबांना त्या दिवशी डबा गेला नाही.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा वकील गाडी घेऊन हजर झाला. माल त्याच्याच गावाकडे जायचा होता. गाडी पास झाली तर पावडर उतरवून तो थेट घरी. नापास होणार हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणून वाटभर त्यानं नव्या मुद्द्यांची तालीम केली होती. ट्रेलरची जमीन त्यानं स्वतः घासून आरशासारखी केली होती. बुटांकडे बघायची सवय त्याला नव्हतीच.

दारं लागली. दारं उघडली. टोपी झटकली गेली.

“पास. भरा.”

वकिलाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. “काय म्हणालात?”

“पास म्हणालो. कानात काय बोळे घातलेत?”

“असं कसं पास?” वकील पायरी चढून वर आला. “मी हरकत घेतो!”

खाली हशा पिकला. फोर्कलिफ्ट चालवणारी बाई मालाची पहिली थप्पी उचलून निघालीही होती. वकिलानं नाकोबांचं कोपर धरलं, त्यांना पुन्हा आत नेलं आणि आवाज खाली आणला.

“नाकोबा, मागल्या खेपेला यात सुकी मासळी होती. जमीन धुतली मी, पण भिंतींच्या अस्तरात वास मुरलाय. आत्ता माझ्याच डोळ्यांना पाणी येतंय.”

नाकोबांनी अस्तराला नाक लावून श्वास ओढला आणि मान खाली घातली.

“कधीपासून?”

“हिवाळ्यातल्या तापापासून.”

“आणि तेव्हापासून पास झालेल्या गाड्या?”

आजवर वकिलाचा एकही मुद्दा नाकोबांना निरुत्तर करू शकला नव्हता. या वेळी त्यानं मुद्दा मांडलाच नव्हता, नुसतं विचारलं होतं. फोर्कलिफ्टची चाकं दारापाशी आली. नाकोबांनी दोन्ही हात आडवे धरले.

“थांबा, बाई. नापास आहे.”

“अहो, आत्ता तर पास म्हणालात!”

“मला वास येत नाही,” नाकोबा म्हणाले. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. तसाच तो आजही पोचला.

गोदामाच्या मॅनेजरबाईंनी ना सहानुभूती दाखवली, ना आरडाओरडा केला. “आठवा,” एवढंच म्हणाल्या. नाकोबा आठवत गेले, त्या फोन करत गेल्या. बहुतेक माल ठीक निघाला. एका ठिकाणची पावडर मात्र परत आली. पोरं ती तोंडात घेईनात, आणि आयांना कळेना की बाळाचं बिनसलं की दुधाचं. पोती फोडून सगळी पावडर खड्ड्यात ओतली तेव्हा नाकोबा काठावर उभे होते. तुम्ही जा, असं त्यांना दोघांनी सांगितलं, तरी ते हलले नाहीत.

निकाल द्यायचा अधिकार गेला. तो फोर्कलिफ्टवालीला मिळाला. एक गाडी कुबट आहे असं ती मागे कुरकुरली होती, आणि नाकोबांनीच तिला उडवून लावलं होतं. नाकोबांकडे जमीन, कोपरे आणि भोकं राहिली. पण तिला एकटीनं काळोखात कोंडून घ्यायची भीती. म्हणून दारं लागली की तेही आत थांबत.

“घाई नको. आधी सगळा श्वास सोडा. मग हळूच घ्या. काय येतंय?”

“ओलं पोतं. आणि... काहीतरी औषधासारखं.”

“कोपऱ्यात जास्त की दाराशी?”

वकील पुढच्या खेपेला आला तो धुतलेली गाडी घेऊन, ताठ मानेनं. फोर्कलिफ्टवालीनं आत थोडा वेळ घेतला आणि बाहेर येऊन मान हलवली.

“अजून येतोय. थोडा, पण येतोय. नापास.”

“अन्याय!” वकील उसळला. “हिला काय कळतंय? नाकोबा, तुम्ही तरी साक्ष द्या!”

नाकोबांचा हात टोपीकडे गेला. तिथून तो रिकामाच खाली आला.

“साक्षीदाराला काही दिसलं नाही, वकीलसाहेब,” ते म्हणाले. “चला, चहा घेऊ. आणि आज त्याचा वास कसा आहे ते तुम्ही मला सांगायचं.”

“चहाला कसला वास? उकळलेला आहे,” वकील पुटपुटला. पण टपरीवर कप हातात आला तेव्हा त्यानं तो आधी नाकाशी नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.