अर्लीनबाईंनी फाटकाला कुलूप घातलं तेव्हा

अर्लीन ग्रोटे यांच्या रानात शिकारीला यायचं, तर आधी फाटकाशी उभं राहून त्यांचं ऐकून घ्यावं लागे. गाडीत बसून नाही, खाली उतरून. बाई बुटक्या, आवाज मात्र खणखणीत. गाडीत भरलेली बंदूक दिसली तर तिथूनच मागे फिरा. मचाणावर बिअर चालणार नाही. दिवस बुडाल्यावर बार काढायचा नाही. जनावर जखमी झालं तर ते सापडेपर्यंत शोधायचं, मग तुमची बायको घरी वाट बघत बसली तरी बसू दे. आणि जे माराल ते घेऊन जायचं, माझ्या जमिनीवर टाकून जायचं नाही. कोणी दात काढले की बाई पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायच्या.

आमच्या टेक्सासच्या या टेकड्यांत सगळं रान कोणाच्या ना कोणाच्या मालकीचं. शहरातल्या माणसाला हरीण मारायची हौस असेल तर मालकाला हंगामाचे पैसे मोजावे लागतात. मिल्टन ग्रोटे होते तोवर अर्लीनबाईंकडे लोकरीच्या शेळ्या होत्या. ते गेले, लोकरीचा भाव बसला आणि जमिनीचा कर भरायला शिकारी ठेवावे लागले. बाईंना ते कधीच आवडलं नाही. "पाहुणे म्हणायचं आणि पैसे घ्यायचे," त्या म्हणत, "मला आपलं खाणावळवाली झाल्यासारखं वाटतं."

माझं गावात मांस कापून द्यायचं दुकान आहे. शिकारी हरीण आणून टाकतात, आम्ही सोलतो, कापतो, सॉसेज भरून देतो. नोव्हेंबर लागला की माझ्या केसांनासुद्धा रक्ताचा वास येतो. त्यामुळे कोणाच्या रानात काय पडलं हे मला कळतंच.

अर्लीनबाईंचे शिकारी ठरलेले होते. ह्यूस्टनचा कर्टिस वेलबॉर्न, त्याचा जावई ब्रेंट आणि त्यांचे एक-दोन मित्र. कर्टिसचा घरांवर छपरं घालायचा मोठा धंदा. पण वागायला गोड. बाईंना आमच्याकडच्या रीतीने आदराने 'मिस अर्लीन' म्हणायचा. येताना बायकोने केलेली, अक्रोडासारख्या पेकानची गोड पेस्ट्री आणायचा, बाईंच्या पंपाचा पट्टा बदलून द्यायचा. मिल्टन गेले तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला तो ह्यूस्टनहून रातोरात आला होता. बाईंना मूल नव्हतं. कर्टिसचं नाव निघालं की त्यांचा चेहरा सैल व्हायचा.

एका शनिवारी संध्याकाळी बाई माझ्या दुकानात आल्या. कोटसुद्धा नीट घातलेला नव्हता.

"नोएमी, कर्टिसची हरणं तुझ्याकडेच येतात ना?"

"दोन वर्षं झाली, एकही आलं नाही. मला वाटलं, तो घरीच कापतो."

बाई काउंटरला धरून उभ्या राहिल्या. "कुत्र्याने आज एक तंगडी आणलीय. आणि पलीकडच्या घळीवर गिधाडं उतरतायत."

"असेल एखादं मेलेलं."

"पायाला प्लास्टिकची पट्टी आवळलेली होती गं. गाडीला बांधून ओढत नेताना आवळतात ना, तशी."

मी हातातली सुरी खाली ठेवली. बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. एकटी गेले तर मी त्याच्यासाठी काहीतरी कारण शोधून काढीन."

रविवारी चर्च बुडवून आम्ही दोघी घळीपाशी गेलो. वास आधी आला. मी रोज मांसात हात घालणारी बाई, पण मला ओढणीसारखा स्कार्फ नाकाला लावावा लागला. खाली चुनखडीच्या दगडांत हरणं पडली होती, एकावर एक. नरांची मुंडकी तेवढी कापून नेलेली. भिंतीवर लावायला मुंडकं पुरतं. बाकीचं धड, पाठीचं मांस, मांड्या, सगळं तसंच. फुगून फाटलेलं, अळ्यांनी हलणारं. आणि सगळ्यात खाली माद्या होत्या. त्यांचं तर काहीच कापलेलं नव्हतं. नुसत्या मारल्या होत्या आणि ढकलून दिल्या होत्या. एका मादीच्या अंगावर तीन-चार भोकं होती, लांबून नेम धरायचा सराव केल्यासारखी.

अर्लीनबाई रडल्या नाहीत. त्या बाजूला थुंकल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना थुंकताना पाहिलं नव्हतं.

मग त्या सरळ फाटकाशी गेल्या, साखळी ओढून कुलूप घातलं आणि किल्ली ब्लाउजच्या आत टाकली. पिकअप फाटकाला आडवी लावली. मला म्हणाल्या, "शिकार-खात्याच्या माणसाला फोन कर. पण सांग, सावकाश ये म्हणावं."

थोड्या वेळाने रानाच्या आतून कर्टिसची मोठी गाडी धुरळा उडवत आली. मागे बर्फाच्या पेट्या, त्यावर दोन मुंडकी, शिंगं वर.

"मिस अर्लीन! बरं झालं भेटलात, निघायच्या आधी तुमच्याकडे येणारच होतो."

"त्याचं धड कुठंय, कर्टिस?"

तो हसला. "कशाचं?"

"मागे जे बांधलंयस त्याचं."

ब्रेंटने खिडकीतून डोकं काढलं. "अहो, फ्रीजर भरलेत आमचे. कोण खातं एवढं? कोल्ह्या-गिधाडांना पण जगू द्या की."

"तू गप्प बस," कर्टिस त्याच्यावर खेकसला आणि बाईंजवळ आला. आवाज अगदी मऊ. "चूक झाली. पुढच्या वेळी नाही होणार. तुम्हाला माहितेय मी कसा आहे."

"हो. आता माहीत झालं."

"मिस अर्लीन, आम्ही पूर्ण हंगामाचे पैसे भरलेत."

मला वाटतं त्या एका वाक्याने सगळं संपलं. तोवर बाईंच्या मनात कुठेतरी धुगधुगी असावी. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, ताटात केस निघाल्यावर बघतो तसं.

"पैसे आत यायचे भरलेस. घाण करायचे नाही. माझ्या पिकअपमध्ये फावडी आहेत, पहार आहे. खड्डा खणायचा, कमरेइतका खोल. एकेक जनावर हाताने उचलून वर आणायचं. मग फाटक उघडेल."

"ही दगडी जमीन आहे!"

"मला सांगतोस?"

ब्रेंट साखळी तोडतो म्हणाला. बाई म्हणाल्या, "तोड. नोएमीने अधिकाऱ्याला फोन केलाय. हरणांच्या जोडीला साखळीचंही सांगीन त्याला."

खणलं त्यांनी. कर्टिसचे महागडे बूट, पानापाल्याच्या रंगांची नवी कोरी शिकारी विजार, सगळं त्या पातळ झालेल्या मांसाने माखलं. एक धड उचलताना मधूनच तुटलं आणि ब्रेंट तिथेच ओकला. आधी हसत होता तो. बाई पिकअपच्या फळीवर बसून बघत होत्या. मला त्या खणणाऱ्यांची दया आली नाही, खरं सांगते. पण बरंही वाटलं नाही. मोठी माणसं, शिकलेली, पोराबाळांची, आणि त्यांना वाईट वाटत होतं ते फक्त वास येतो याचं.

अधिकारी आला, फोटो काढले, दंडाच्या पावत्या फाडल्या, मुंडकी जप्त केली. निघताना कर्टिस बाईंना म्हणाला, "मिल्टन असते तर असं केलं नसतं त्यांनी."

"मिल्टनने तुला त्याच घळीत उभा केला असता," बाई म्हणाल्या, "आणि कुलूप घालून जेवायला घरी गेला असता. चल, नीघ." खांदा दिल्याबद्दल त्या एरवी त्याचे आभार मानत असत; त्या दिवशी घरी आल्यावर मात्र मला म्हणाल्या, "त्याचा हात लागला होता पेटीला. ते कसं धुवायचं सांग."

पुढच्या वर्षी त्यांनी कोणालाच रान दिलं नाही. उरलेल्या शेळ्या विकून कर भरला. त्याच्या पुढच्या वर्षी विकायला काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "विकून टाका जमीन. गावात या राहायला, माझ्या शेजारचं घर रिकामं आहे."

"घेणार कोण? कोणीतरी कर्टिसच."

तेव्हा पुन्हा शिकारी आले. सान अँटोनियोची माणसं, बस चालवणारी, जरा बुजरी. नियम तेच, वर एक नवीन: मारलेलं प्रत्येक जनावर अख्खं बाईंच्या ओसरीपुढे आणून दाखवायचं, मग माझ्याकडे न्यायचं. ती माणसं बिचारी पाळतात. टोप्या काढून उभी राहतात. अर्लीनबाई ओसरीवरून खाली येतात, मुंडक्यापासून खुरापर्यंत बघतात आणि मान हलवतात.

परवा मी त्यांच्याच एका हरणाचं सॉसेज घेऊन गेले होते. बाईंनी पुडा उघडलासुद्धा नाही, कुत्र्यापुढे टाकला.

"माणसं चांगली आहेत हो ही," मी म्हटलं.

"असतील." त्यांनी नळ सोडला आणि हात चोळायला लागल्या. हात स्वच्छच होते. "चांगलीच असतात गं सुरुवातीला. मला आता चांगल्या माणसांचीसुद्धा शिसारी येते, त्याला मी काय करू?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. कोणीतरी हरीण दाखवायला आलं होतं. बाईंनी हात झटकले, फडक्याला पुसले आणि चष्मा शोधत बाहेर गेल्या.