हेमांगीला सगळे सांगतात

ठाण्याच्या नौपाड्यातल्या त्या रुग्णालयात केसपेपरपासून औषधांच्या नोंदीपर्यंत सगळं कॉम्प्युटरवर आणलं ते डोंबिवलीच्या दौलत भोईरांनी. त्यात चौदा वर्षं गेली. आयटीचे प्रमुख निवृत्त झाले तेव्हा ती खुर्ची आपलीच, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. तिथे बसली बाहेरून आलेली, बारा वर्षांनी लहान हेमांगी.

तिला प्रोग्रॅमिंग बेताचंच येत होतं आणि ती ते लपवतही नव्हती. भोईरांना हेच जास्त डाचायचं. पहिला आठवडा ती केबिनकडे फिरकलीच नाही. वॉर्डात नर्सशेजारी स्टूल टाकून बसली. गप्पा मारायचा पगार मिळतो तिला, असं भोईर कँटीनमध्ये म्हणाले. कुणी हसलं नाही.

मग मीटिंगमध्ये तिने सांगितलं, की नर्स औषधांच्या वेळा तळहातावर लिहितात आणि ड्युटी संपताना एकदम भरतात. पेशंटपाशी जाऊन येईपर्यंत स्क्रीन बंद होते, पुन्हा पासवर्ड मागते. भोईर चपापले. सरोज सिस्टरनी हीच तक्रार त्यांच्याकडे तीनदा केली होती आणि तिन्ही वेळा त्यांनी सुरक्षेच्या नियमावर बोट ठेवून त्यांना परत पाठवलं होतं. सिस्टर समोरच बसल्या होत्या.

"भोईर सर, यातून वाट तुम्हीच काढू शकाल," हेमांगी म्हणाली.

चारचौघांत मिळालेला तो मान त्यांना झोंबला. दोन दिवसांचं काम त्यांनी आठ दिवस रेंगाळत ठेवलं. नावं तिलाच ठेवतील लोक, हा हिशेब.

नवव्या दिवशी दुपारी आधीच्या डोसची नोंद स्क्रीनवर न दिसल्याने नवी नर्स एका आजींना इन्सुलिन दुसऱ्यांदा द्यायला गेली. "आत्ताच टोचलं की गं," आजीच म्हणाल्या, म्हणून निभावलं.

भोईरांनी संध्याकाळपर्यंत उरलेलं काम संपवलं. आता नर्सनी ओळखपत्र टेकवलं की स्क्रीन उघडत होती. मग ते हेमांगीकडे गेले आणि उशीर मुद्दाम केल्याचं सांगून टाकलं.

"राग माझ्यावर होता, तर भांडायचं माझ्याशी," ती म्हणाली. "त्या आजींनी काय केलं होतं?"

तिने वरिष्ठांना कळवलं, भोईरांच्या देखतच. त्यांना लेखी ताकीद मिळाली. नंतर रोज सकाळी तासभर तिने त्यांना वॉर्डात सोबत नेलं.

मत्सर गेला, असं नाही. परवा सरोज सिस्टरनी त्यांना जिन्यात गाठून रक्ततपासणीचे रिपोर्ट चुकीच्या वॉर्डात दिसतात, असं सांगितलं. "मॅडमना सांगितलंत आधी?" त्यांनी विचारलंच.

"हो, कालच."

आत कुठेतरी टोचलं. तरी वॉर्डाचं नाव विचारून त्यांनी ते लिहून घेतलं.