भिंतीपलीकडची शिलाई

ब्रेडच्या कारखान्यातून थोरली घरी यायची तेव्हा बाकीचं जग दात घासत असायचं. चप्पल काढायची, कोपरापर्यंत चढलेलं पीठ धुवायचं, मुलीने झाकून ठेवलेले चार घास खायचे आणि पडदे ओढून आडवं व्हायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम. "तुझं बरं आहे, दिवसभर लोळायला मिळतं," असं म्हणणारे नातेवाईक तिला ढिगाने होते. त्यांतल्या एकालाही रात्रभर उभं राहून पट्ट्यावरून सरकत येणारे पाव निवडावे लागले नव्हते. करपलेला इकडे, दबलेला तिकडे, चांगला पुढे. पुढे म्हणजे पात्यांकडे. तिथे त्याचे काप व्हायचे. एखादा दबलेला पाव नजरेतून सुटला की पात्यांत अडकायचा आणि हात घालून काढावा लागायचा. हात घालण्याआधी लाल बटण दाबायचं. एवढ्यापुरतं डोकं जागं असलं म्हणजे झालं.

ते जागं राहण्यासाठी दिवसा झोप हवी, हे उघड आहे. झोपेसाठी तिला भिंतीपलीकडची शिलाई मशीन लागते, हे मात्र तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

घर एकच, दोन भावांनी मधोमध भिंत घालून अर्धं अर्धं केलेलं. भिंत अर्ध्या विटेची, कारण दोघेही चिकट. अलीकडे थोरली, पलीकडे तिची धाकटी जाऊ. धाकटी दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश शिवायची आणि तिची पायमशीन नेमकी या भिंतीला टेकलेली. कारखान्यात नवी लागली तेव्हा थोरलीने एका दुपारी वैतागून भिंतीवर मुठी आपटल्या होत्या. धाकटीने मशीन थांबवली नाही. मग अंगणात जुंपली. एकीने आपली झोप पुढे केली, दुसरीने आपलं पोट, आणि त्या दिवसापासून अबोला. नवरे एकमेकांशी बोलायचे, मुलं इकडून तिकडे जेवायची, या दोघी मात्र निरोप धाडायच्या. "तुझ्या काकूला सांग, आभाळ आलंय, कपडे उचल म्हणावं." काकू तिथेच दोरीपाशी उभी असायची. तरीही निरोप पोचेपर्यंत ती कपड्यांना हात लावायची नाही.

मशीनचं म्हणाल तर ती अंगवळणी पडली. पुढेपुढे तर चादरीची लांबलचक कड सुरू झाली की थोरलीचे डोळे आपोआप मिटायचे. कॉलर, बाही असलं तुटक काम असलं की झोप जरा हलकी. दोरा तुटला की मधे थांबा, बॉबिन भरताना निराळी घरघर, आणि पुन्हा टकटक सुरू. हे सगळं तिला झोपेतच कळायचं. नवऱ्याचं घोरणं तिच्या फारसं ओळखीचं नव्हतं. तो रात्री झोपायचा, ही दिवसा, आणि त्यामुळेच त्यांचा संसार बिनतक्रार चालला होता.

एक दिवस मशीन वाजलीच नाही.

थोरली पडून वाट बघत राहिली. नळाचा थेंब, बाहेर कुत्र्याचं अंग खाजवणं, कुणाच्या तरी भांड्यांची आदळआपट, स्वतःच्याच छातीतली धडधड. गप्प घरात एवढा गोंगाट असतो याची तिला कल्पना नव्हती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. धाकटी आजारी म्हणावी, तर अंगणात तिचा आवाज खणखणीत.

"काकूने मशीन मागच्या खोलीत नेली," मुलगी म्हणाली. ती कॉलेजात जायची आणि दोन्ही घरांत जेवायची, त्यामुळे तिच्या कानांतून काही सुटत नसे.

"का म्हणे?"

"तूच विचार की."

"माझं काय अडलंय."

अडलं नव्हतं कसं, चांगलंच अडलं होतं. कारखान्यातल्या दोन बायका सोडून गेल्यापासून पट्ट्यावर आधीच कामाचा रेटा, त्यात ही तऱ्हा. आठवडाभरात तिचा चेहरा उतरला. चहात साखरेऐवजी मीठ पडलं आणि ते नवऱ्याने सांगेपर्यंत तिला कळलं नाही.

शिलाईची जागा भरून काढायला तिने काय नाही केलं. पंखा पूर्ण जोरात लावला, तर मान आखडली. रेडिओ लावला, तर त्यातली बाई आरोग्यावर सल्ले द्यायला लागली आणि थोरली मनातल्या मनात तिच्याशी भांडत जागी राहिली. मुलीने फोनवर धबधबा लावून दिला. तो ऐकून ती सारखी मोरीकडे पळाली.

"अगं, मग शिलाई मशीनचाच आवाज मिळतो की," मुलीने शोधून काढलं. "तासन्‌तास चालतो. ऐक."

आवाज अगदी हुबेहूब होता. थोरलीने डोळे मिटले. मशीन चालली, चालतच राहिली. कोपरा येईना. दोरा तुटेना. ही कोण बाई, चादर शिवते आहे की रस्ता, आणि हिची बॉबिन संपते तरी कधी, या विचारात थोरली कान टवकारून पडून राहिली. दुपारी मुलीने विचारलं, "लागली का झोप?"

"तिचा दोरा संपला की लागेल," थोरली म्हणाली आणि फोन तिच्या हातात कोंबला.

त्यानंतरच्या पाळीत पात्यांत पाव अडकला आणि थोरलीने सरळ हात घातला. बटण शेजारच्या बाईने दाबलं. बोट गेलं नाही, हातमोज्याचं टोक तेवढं गेलं. सुपरवायझर ओरडला नाही, हेच वाईट. "बाई, बोटं तुमची आहेत, पण पट्टा माझ्या जबाबदारीवर चालतो," तो म्हणाला. "पुन्हा असं झालं तर मी तुम्हाला उभं करणार नाही. दिवसाही घरी आणि रात्रीही घरी."

त्या सकाळी थोरलीने पीठ धुतलं नाही. आपलं दार ओलांडून ती पलीकडच्या दारात जाऊन उभी राहिली. धाकटी केर काढत होती. दोघींनी आधी सवयीने मुलगी कुठे दिसते का ते पाहिलं. ती केव्हाच कॉलेजला गेली होती.

"मशीन पुढे आण," थोरली म्हणाली.

धाकटीने केरसुणी भिंतीला टेकवली. "माझ्याशी बोलताय का?"

"दुसरं कोण आहे इथे?"

"बराच काळ झाला म्हणून खात्री केली, ताई. पुढे कशाला? तुमची झोप उडते ना?"

"उडत नाही. तुझ्या त्या खडखडाटाशिवाय मला लागतच नाही." थोरली उंबऱ्यावरच बसली. "आज कारखान्यात हात जात होता पात्यांत. मी थकले गं. तू रागावून नेलीस मशीन की कशी, ते नंतर सांग."

"रागावून?" धाकटी म्हणाली. "तुमची लेक म्हणाली, आईवर दोघींचं काम पडलंय, डोळ्यांखाली काळं आलंय. म्हटलं, निदान दिवसा तरी पडू दे बाईला निवांत. मागे उजेड नाही, काही नाही. सुईत दोरा ओवताना माझे डोळे फुटायची वेळ आलीय. परवा गणवेशाचा खिसा पाठीवर लावला."

"पाठीवर?"

"पोरगं खडू ठेवणार कसा, विचारलं गिऱ्हाइकाने."

थोरलीला हसू आलं, पण ते बाहेर काढण्याइतकीही ताकद नव्हती. "एका शब्दाने विचारायचंस."

"कुणामार्फत?" धाकटी म्हणाली.

दोघींनी मिळून मशीन पुढे ओढली. लोखंडी पाया जड, दोघींच्या कमरा कामातून गेलेल्या. दर चार पावलांवर थांबून एकमेकींना "तू नीट धर", "तुम्ही आधी तिरकी करा" असं सुनावत त्यांनी ती भिंतीला लावली.

थोरली घरी येऊन हात धुवून आडवी झाली. मशीन सुरू झाली खरी, पण धाकटी आता पायाखालचं पायडल असं दाबत होती, जणू खाली कुणी निजलंय. दोन टाके आणि थांबा. चार टाके आणि थांबा. कुणीतरी ऐकतंय हे कळलं की माणसाचा हात बिघडतो, तसा तिचा पाय बिघडला होता. थोरलीने थोडा वेळ सोसलं. मग पडल्यापडल्याच भिंतीवर मूठ आपटली.

मशीन थांबली.

"आता काय?" पलीकडून आवाज आला.

"अभ्रे ठेव बाजूला. चादर घे. आणि चालव नेहमीसारखी."

"गिऱ्हाईक माझं की तुमचं?" धाकटी कुरकुरली. कापड ओढल्याचा सरसर आवाज झाला, कापड धरणारा सुईजवळचा दाब खाली पडला आणि मशीन एकदम सुटली. चादर लांब होती. तिचा कोपरा आला तेव्हा तो थोरलीला ऐकू आला नाही.