आठ नंबरच्या डब्यात एकही बाण येत नव्हता

हे आत्ताच सांगायला पाहिजे. उद्यावर टाकलं तर मी त्यात शहाणपणा घुसवेन, आणि ते मला नकोय. बोटं भराभर चालतायत, चुका झाल्या तर होऊ द्या.

मी इकडे गुजरातेत, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कॉम्प्युटरवर बसते. एकवीस वर्षांची आहे. आमचं घर बमरोलीला, मूळ गाव धुळ्याकडचं. माझे आबा, म्हणजे वडील, त्याच मिलमध्ये अकरा वर्षांपासून जेट मशीनवर आहेत. जेट म्हणजे मोठं बंद पिंप. त्यात कापडाचे ताके उकळत्या रंगात फिरत राहतात. आबा परमनंट नाहीत. अकरा वर्षं झाली तरी रोज सकाळी गेटवर वॉचमनने हात केला की आत, नाही केला की घरी.

झालं असं, की शेठला परदेशात माल पाठवायचा होता आणि त्याला क्वालिटीचं सर्टिफिकेट लागत होतं. सर्टिफिकेट देणारे म्हणाले, तुमच्याकडे काम कसं होतं ते सगळं कागदावर दाखवा. कोण काय करतो, मग काय होतं, बिघडलं तर काय. मॅनेजर साहेबांनी कुठून तरी एक सीडी आणली. तिच्यात आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर होतं.

तुम्हाला काय सांगू. मला त्या सॉफ्टवेअरचं वेडच लागलं. डाव्या बाजूला आकार मांडून ठेवलेले, आपण माउसने ओढायचा आणि कागदावर सोडायचा. काम असेल तिथे चौकोन. प्रश्न असेल तिथे शंकरपाळ्यासारखा तिरका चौकोन, त्यातून दोन बाण निघणार, एक हो आणि एक नाही. बाणाचं टोक डब्याजवळ नेलं की चुंबकासारखं चिकटतं आणि तिथे लाल ठिपका येतो. मग डबा कुठेही सरकवा, बाण मागे मागे येतो. मी घरी आईला भाकरीच्या पिठात बोटाने काढून दाखवलं. आई म्हणाली, "पीठ खराब करू नको."

मी वही घेऊन खात्यात गेले. जेटवर आबा आणि एक उत्तर प्रदेशचे चाचा असतात. दोघांना विचारायला लागले, आधी काय करता, मग काय करता.

चाचा म्हणाले, "पहले बीड़ी पीता हूँ. उसका डब्बा बना."

"चाचा, सीरियसली."

"सीरियस ही तो है. बिना बीड़ी के मशीन चालू नहीं होती."

मग मी आबांकडे वळले. शेड म्हणजे रंगाची छटा. मी विचारलं, "शेड जुळली का ते कसं बघता?" तर म्हणाले, "दखस." म्हणजे बघतो. बस. मग मी दिवसभर मागे फिरले तेव्हा कळलं, दखस म्हणजे किती कामं. मशीन थंड करायचं, कापडाचा तुकडा कापून काढायचा, वाफेच्या पाइपवर सुकवायचा, तळहातावर चोळायचा, उत्तरेच्या दारात जाऊन उजेडात धरायचा आणि पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या नमुन्याशेजारी ठेवायचा. ट्यूबलाइटखाली शेड बघायची नाही, खोटी दिसते. डाइंग मास्टरची, म्हणजे शेड पास करणाऱ्याची, जागा तीन महिने रिकामीच होती. सगळ्या मिलची शेड आबांच्या डोळ्यांवर चालली होती आणि त्यांच्या कुठल्याही कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं.

जेटच्या चार्टमध्ये दहा डबे झाले. अक्षरं इंग्लिश, म्हणून मी डब्यांना नंबर दिले आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना पाठ करून घेतलं. आपल्याला सात, आठ, नऊ एवढेच लागणार आहेत. सात नंबरचा तिरका डबा, शेड जुळली का? हो असेल तर नऊ, रंगाचं पाणी सोडून द्या. नाही असेल तर आठ, एडिशन करा, म्हणजे थोडा रंग अजून घाला, परत तापवा आणि परत सातवर या. पाणी एकदा गटारात गेलं की संपलं. मग तो लॉट गेलाच समजा, चुकीच्या रंगाचं कापड हातात राहतं.

चाचांनी तर त्याचं गाणंच केलं होतं. सात से आठ, आठ से सात, सात से नौ, फिर चाय.

चार्ट दोन पानांवर गेला. मॅनेजर साहेब म्हणाले, "एक पानामां लाव. ऑडिटर पानां फेरवशे के?" ऑडिटर काय पानं उलटत बसणार का, असं. मी सगळे डबे लहान केले, सरकवले, दाबले. आठ नंबरचा डबा बाजूच्या कोपऱ्यात नेला. लाइट जायची वेळ झाली होती, आणि लाइट गेली तर सगळं गेलं, म्हणून मी घाईघाईत फ्लॉपीवर सेव्ह केलं आणि प्रिंट काढली. खाली दोन चौकटी होत्या, बनवणार आणि मंजूर करणार. पहिलीत माझी सही. दुसरीत साहेबांनी केली. त्यांनी एवढंच बघितलं की पान एकच आहे. मग लॅमिनेशन केलं आणि जेटच्या भिंतीवर लावलं.

त्या संध्याकाळी साहेबांनी सगळ्या कारागिरांना उभं करून सांगितलं. गुजरातीतच सांगितलं, "जे चार्टनी बहार जशे, ए मिलनी पण बहार. भिंतीवर जे छे ए ज साचुं." चार्टच्या बाहेर जो जाईल तो मिलच्या बाहेर. कोणी हसलं नाही. आबा शेवटच्या रांगेत होते. मला तेव्हा वाटलं, आबांना काय भीती, त्यांचं काम तर मीच काढलंय, जसंच्या तसं.

ऑडिट मंगळवारी होतं. ऑडिटर साहेब अहमदाबादहून आले. बारीक, चष्म्याचे, बोलणं हळू. सकाळी फाइली बघितल्या आणि अकराला म्हणाले, चला, खातं बघू. मी फोल्डर घेऊन मागे. मला सांगून ठेवलं होतं, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

ते बरोबर जेटपाशी थांबले. मशीनमध्ये मोरपंखी होतं. मोरपंखी म्हणजे डोकेदुखी, जराशाने हिरव्याकडे जातं नाही तर निळ्याकडे. ऑडिटर चार्टवर बोट ठेवून आबांबरोबर चालायला लागले. एक. दोन. तीन. आबा एकेक काम करत होते आणि ते मान हलवत होते. मला इतकं भारी वाटत होतं की काय सांगू. माझे डबे चालत होते. आबा डबा नंबर सहा करत होते, तुकडा पाइपवर सुकत होता.

आबा दारात गेले. तुकडा नमुन्याशेजारी धरला. नेहमी त्यांना दोन सेकंद लागतात. त्या दिवशी ते उभेच राहिले. तुकडा उलटा केला, परत सुलटा केला. मग परत आले आणि म्हणाले, "साहब, थोड़ा हरा मार रहा है."

"मतलब नहीं मिला?"

"नहीं मिला."

"तो अब क्या करोगे?"

मी पण चार्टकडे बघितलं. सातमधून नाहीचा बाण निघाला होता. तो आठकडे वळायला पाहिजे होता. तो सरळ खाली जात होता आणि नऊला चिकटला होता. हो पण नऊला, नाही पण नऊला. आठ नंबरचा डबा कोपऱ्यात एकटा होता, त्याच्यातून बाण बाहेर जात होता पण त्याच्यात एकही येत नव्हता.

डबे दाबताना टोक सुटलं असणार आणि शेजारच्या डब्याला चिकटलं असणार. लाल ठिपका आलाच असेल. मी ठिपका बघितला, कुठे आलाय ते बघितलं नाही.

 भिंतीवर जे आहे तेच खरं. आबांनी आठ केलं तर ऑडिटरसमोर चार्टच्या बाहेर, म्हणजे मिलच्या बाहेर. नऊ केलं तर अख्खा लॉट गटारात, आणि लॉट घालवणाऱ्याला तर कुठलाच मॅनेजर ठेवत नाही. दोन्हीकडून गेट. आणि ते दोन्ही बाण मी काढले होते.

मॅनेजर साहेबांना काही कळलंच नव्हतं. ते आबांवर डोळे वटारत होते, थांबलास का म्हणून.

"बोलो," ऑडिटर म्हणाले. "चार्ट क्या कहता है?"

आबांनी चार्ट बघितला नाही. सरळ म्हणाले, "नौ."

"तो करो."

चाचांनी मान वर केली. "अरे भाई," एवढंच म्हणाले आणि साहेबांकडे बघून परत मान खाली घातली.

आबा वाकले. पाणी सोडायचा व्हॉल्व्ह खाली गुडघ्याजवळ असतो, गोल चाकाचा. त्यांनी दोन्ही हात त्यावर ठेवले. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. आणि चाक फिरायला लागलं. मी बघितलं ना, पाव भाग फिरलं. खाली नळीतून मोरपंखी धार पडली, बोटाएवढी.

"आबा, थांबा."

मी घरच्या आवाजात ओरडले होते. सगळे माझ्याकडे वळले. साहेबांचा चेहरा मी सांगत नाही. मी हिंदीत म्हणाले, "सर, चार्ट गलत है. नाही का बाण आठ पे जाना चाहिए. मैंने गलत चिपकाया है." हिंदीत पण 'नाही'च म्हणाले, 'बाण'च म्हणाले, ते मला नंतर आठवलं.

आबांनी चाक बंद केलं. धार थांबली.

ऑडिटरनी चष्मा काढला, चार्टच्या अगदी जवळ गेले आणि बोटाने सात, नऊ, आठ असं केलं. मग आबांना विचारलं, "रोज़ क्या करते हो?"

"रोज आठ."

"तो आज नौ क्यों?"

आबांनी फडक्याला हात पुसले. मॅनेजर साहेब घसा साफ करायला लागले. ऑडिटर म्हणाले, "रोज़ वाला करो." आबांनी रंग तोलला, घातला आणि मशीन परत तापायला लावलं. ऑडिटर पाऊण तास तिथेच स्टुलावर बसून राहिले. दुसऱ्यांदा दारात धरलेला तुकडा मी लांबून बघितला. मला तर दोन्ही सारखेच दिसले. आबा म्हणाले, "मिल गया." मग ऑडिटरनी कागदावर लिहिलं, चार्ट चुकीचा, न तपासता मंजूर. आणि त्यांनी दोन्ही सह्यांवर गोल केला, माझ्या आणि साहेबांच्या.

तीनला आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. आबांनी चपला बाहेर काढल्या. मी पण काढल्या.

साहेब माझ्याशी बोललेच नाहीत. आबांना म्हणाले, "ये लड़की नहीं बोलती तो तू मेरा लॉट निकाल देता?"

"हाँ."

"अगियार वरसथी मशीन पर छे. अक्कल नथी?"

"आपने बोला था, चार्ट के बाहर तो मिल के बाहर."

आबा हे टोमणा म्हणून बोलले नाहीत. त्यांना टोमणा येतच नाही. पण साहेब पेपरवेट फिरवत बसले.  मी मनात दोन्ही पगार नसलेलं घर बघून घेतलं, अगदी भाड्यापासून सगळं. मग ते म्हणाले, "जा, मशीन पर जा." आबा निघाले तेव्हा मागून म्हणाले, "और सुन. बाकी के चार्ट तू देखेगा. तू हाँ बोलेगा, फिर मैं साइन करूँगा."

म्हणून दुसऱ्या दिवशी आबा माझ्या कॉम्प्युटररूममध्ये आले. खुर्चीच्या कडेवर बसले, हात मांडीवर, कुठे रंग लागू नये म्हणून. मी एकेक चार्ट उघडत होते आणि ते स्क्रीनपासून एक वीत लांब बोट धरून प्रत्येक बाणाच्या मागे जात होते. इंग्लिश एक अक्षर येत नाही. तरी अजून दोन चुका काढल्या त्यांनी. धुलाईच्या चार्टमध्ये एक बाण तर कुठेच पोचत नव्हता.

जेटचा चार्ट आला तेव्हा मी म्हणाले, "हा तर तुम्ही त्या दिवशीच पहिल्यांदा बघितला ना नीट?"

ते म्हणाले, "नही. लावा त्याच दिन दखा. तीन दिन पहिले."

लावला त्याच दिवशी बघितला होता म्हणे, ऑडिटच्या तीन दिवस आधी. मी म्हणाले, "मग सांगितलं का नाही?"

"खाले तुन्ही सही व्हती ना." तुझी सही होती ना खाली. असं, जसं काही भाजीत मीठ जास्त झालंय. मग म्हणाले, साहेबांची पण सही झाली होती, आता सांगितलं तर तुलाच बोलले असते. म्हटलं पहिल्याच फेरीत शेड जुळवून टाकू, म्हणजे तो बाण कोणाला लागणारच नाही. तीन दिवस ते रंग दोनदा तोलत होते. चाचा त्यांना म्हणत होते, सोनार झालास का. आणि मोरपंखीने दगा दिला तेव्हा त्यांनी ठरवलं, लॉट जाऊ दे, शिव्या शेडवर येतील, चार्टवर कोणी बघणार नाही.

म्हणजे त्या चाकाला हात लावला तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. अकरा वर्षांची नोकरी ते गटारात सोडत होते, माझ्या एका बाणासाठी. मला ते ऐकून रडू वगैरे नाही आलं, राग आला. अजून आहे. मी लहान आहे का? एक शब्द सांगितला असता तर मी दोन मिनिटांत टोक उचलून आठला चिकटवलं असतं. साहेब ओरडले असते तर ओरडले असते. मी त्यांना तसं म्हणाले पण, जरा जोरातच. ते म्हणाले, "बरं. पुढला चार्ट काढ."

तेव्हापासून माझी सही करायच्या आधी माझा हात थांबतो. आणि आबा घरी जेवताना गप्प असले की मी विचारत सुटते, काय झालं, काय बघितलं, सांगा. आई म्हणते, "जेवू दे त्यांना."

तुमच्या घरी आहे का असं कोणी? तुमची चूक दिसली, तुम्हाला सांगितली नाही आणि गुपचूप स्वतःच्या अंगावर घ्यायला निघालं? तुम्ही त्यांच्यावर चिडलात का? खरं सांगा, झालंय का तुमच्याबरोबर असं?