हिरड्यांतून रक्त येत नाही म्हणून खूश असलेला मी

परवा अंबाजोगाईला दातांच्या दवाखान्यात माझी पार मती गुंग झाली. आईला दाखवायला गेलो होतो.

आई धर्मापुरीला असते आणि गेली तीसेक वर्षं सकाळ-दुपार भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावते. समोरचे दोन दात हलायला लागले म्हणून महिन्यापूर्वी तिला इथे आणलं होतं. डॉक्टर मॅडमनी दात साफ केले, मिश्री बंद म्हणून बजावलं. मीही मागे लागलो आणि आईने खरंच सोडली... मला वाटलं, सुटलो.

पंधरा दिवसांत हिरड्यांतून रक्त! ब्रश फिरवला की थुंकी लाल. मी लगेच पुन्हा मॅडमची वेळ घेतली, कारण दात पडले तरी कवळी लावणार नाही, असं तिने आधीच जाहीर केलंय.

परवा रस्ताभर तिचं एकच. "मिश्री व्हती तवर एक थेंब रगत न्हाई आलं. सोडली अन् हे सुरू झालं. मंग कावून सोडायची?"

घरात सगळ्यांना शहाणपण शिकवणारा मी... खरं सांगू? मलाही तिचंच पटायला लागलं होतं.

मॅडम म्हणाल्या, हिरडीखाली जंतूंचा थर आधीपासूनच होता, सूजही होती. पण तंबाखूने हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून रक्त दिसत नव्हतं इतकंच. आता आतपर्यंत सफाई केली आणि घरी नीट ब्रश केला, तर रक्त थांबेल आणि दातही बहुतेक वाचतील.

मी विचारलं, मग सगळे जंतू मारूनच टाकायचे का? तर म्हणे नाही, तोंडात कामाचे जंतूही असतात, फक्त थर साठू द्यायचा नाही. माझ्या डोक्याचा भुगा झाला... रक्त आलेलं बरं की न आलेलं?

त्याच गोंधळात मी बोलून गेलो, "मॅडम, माझ्या हिरड्यांतून तर आजवर कधीच रक्त आलं नाही."

खुर्चीत आ वासून बसलेल्या आईने तोंड मिटलं. "ह्याच्या खिशात तंबाकूची पुडी हाय. ह्याचं बी बघा."

पुढच्या मंगळवारी आईची सफाई आहे, आणि माझीही. जंतूंचं गणित मला अजून नीट कळलेलं नाही. पण आईने तीस वर्षांची सवय माझ्या सांगण्यावरून सोडली, आणि माझ्या पुडीबद्दल सगळं माहीत असून इतकी वर्षं मला एका शब्दाने टोकलं नाही... परवा टोकलं, बरं झालं.